सहा हजार रुपयांची जाहिरात



बऱ्याच महिन्यांनी आपल्या गटाच्या बैठकीत कडाक्याचं भांडण झालं. विषय सहा हजार रुपयांचा होता. सोलापूरच्या आपल्या सल्ला केंद्रासाठी एका हितचिंतक बाईंनी आईच्या स्मरणार्थ वीस हजार रुपये दिले होते. ‘कशावरही खर्च करा, पण बायकांपर्यंत पोचेल असं काहीतरी करा,’ एवढीच त्यांची अट. त्यातले सहा हजार आम्ही फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून ८ मार्चपर्यंत फोनवरच्या जाहिरातीवर घातले. आग्रह माझा होता. हिशेब मी मांडला, बाकीच्या जणींनी कुरकुरत मान डोलावली. तेव्हा जमाखर्चही मीच तुमच्यापुढे ठेवला पाहिजे. शिवाय इतर गावांतल्या दोन-तीन गटांकडून हीच विचारणा आली आहे, की पैसे मोजून जाहिरात करावी का, आणि फोनवर केली तर बायका खरंच येतात का.

जाहिरात या शब्दाचंच आपल्याला थोडं वावडं आहे. आपल्या मनात जाहिरात म्हणजे साबण, साडी आणि गोरं करणारं मलम. बाईच्या अंगावर माल टांगून विकणारी. त्या जाहिरातींविरुद्ध आपल्या आधीच्या पिढीनं निदर्शनं केली, फलकांना काळं फासलं, स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी करणारा १९८६ चा कायदा आला. त्यामुळे आपण स्वतः पैसे देऊन जाहिरात करायची म्हटलं की काहीतरी बाटल्यासारखं वाटतं. बैठकीत एक मैत्रीण म्हणालीसुद्धा, ‘आपण पथनाट्य करणाऱ्या बायका. आपल्याला कशाला हवा हा बाजार?’ तिचं खरंच आहे. ‘मुलगी झाली हो’ हे नाटक १९८३ पासून वस्त्यावस्त्यांत, गावोगाव झालं, तेव्हा त्याची वेगळी जाहिरात करावी लागली नाही. प्रयोग संपल्यावर बायका आपणहून बोलायला थांबायच्या.

पण जाहिरातीचं एवढंही विटाळायला नको. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा त्यांनीही जाहिरात केली होती. भिंतींवर कागद लावले होते. विधवांनी इथे यावं, गुप्तपणे आणि सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यावं की ठेवून जावं हे त्यांच्या मर्जीवर, असा त्याचा मतलब. समाजकार्याच्या वर्गात आम्हाला हे एका ओळीत शिकवलं गेलं होतं. आता या सहा हजारांच्या निमित्तानं त्याचा नव्यानं विचार केला आणि लक्षात आलं, की त्या कागदात एका बाईला जे जे हवं ते सगळं होतं. कुठे यायचं, कुणाला कळणार नाही, आणि पुढचं तुझं तू ठरव. उपदेश नाही, दया नाही. आणखी एक गोष्ट होती, ती मला फार उशिरा कळली. त्याकडे पुढे येते.

तर फोनवर जाहिरात का करावीशी वाटली? आपलं केंद्र दहा वर्षं एका अरुंद बोळात आहे. ज्या येतात त्या कुणाच्या तरी सांगण्यावरून येतात. शेजारीण, आशा कार्यकर्ती, बचत गटातली मैत्रीण. ज्यांना सांगणारं कुणी नाही त्यांचं काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, असं दिसलं की शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या दर १०० बायकांपैकी ७७ जणींनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. मदत मागणाऱ्या फक्त १४. माझ्या डोळ्यांसमोर त्या ७७ जणी होत्या. मला वाटलं, फोन तर आता घराघरात आहे, रात्री गुपचूप बघता येतो, बोळात पाऊल टाकायला नको.

त्याच पाहणीतले दुसरे आकडे मी तेव्हा नीट वाचायला हवे होते. स्वतःला वापरता येईल असा मोबाईल १०० पैकी ५४ बायकांकडे. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या बायका ३३, पुरुष ५७. घरात फोन असणं आणि बाईच्या हातात फोन असणं यांत केवढं अंतर आहे, हे केंद्रात बसणाऱ्या मला कुणी सांगायची गरज नव्हती. रोज बघते मी. फोन तिचा, पण रिचार्ज तो मारतो. कुलूप उघडायची खूण त्याला माहीत. मुलगा गेम खेळतो त्याच फोनवर. तरी मी हिशेब मांडला.

आता झालं काय ते सांगते.

आमची पहिली जाहिरात दोनदा परत आली. मजकूर होता, ‘घरात मारहाण होते का? आम्हाला सांगा.’ कंपनीचं म्हणणं, बघणाऱ्या माणसाच्या खाजगी स्थितीबद्दल असा थेट प्रश्न विचारता येणार नाही. मी चिडले. नंतर शांतपणे विचार केला तर त्यात थोडं तथ्य होतं. चारचौघांत फोन बघत असताना पडद्यानं एकदम ‘तुला मारतात का’ असं विचारणं बरं नव्हेच. मग सामाजिक प्रश्नावरची जाहिरात म्हणून ओळखपत्र, पत्ता, पैसे कोण देतंय याची खातरजमा. आठवडा त्यात गेला. शेवटी ‘महिलांसाठी मोफत सल्ला, माहिती गुप्त राहील’ असा मजकूर आणि केंद्राचा फोन नंबर, असं ठरलं.

ही जाहिरात कशी चालते हे मला आधी धड माहीत नव्हतं. वर्तमानपत्रात आपण एक चौकोन विकत घेतो. तो त्या दिवशीच्या सगळ्या वाचकांना सारखाच दिसतो. फोनवर जागा अशी विकत मिळत नाही. कुणीतरी बोटानं पडदा सरकवला की तेवढ्या निमिषात लिलाव होतो. आपल्या मार्केट यार्डात कांद्याचा होतो तसा, फक्त इथे पोत्यात कांद्याऐवजी माणसाची नजर. साडीवाला, कर्जवाला, क्लासवाला आणि आपण, सगळे बोली लावतो. कोण जास्त देतो आणि कुणाच्या जाहिरातीवर हे बोट पडण्याची शक्यता जास्त, यावर ठरतं. अँया लँब्रेख्ट आणि कॅथरिन टकर या दोघी संशोधक बाईंनी १९१ देशांत एक जाहिरात चालवून बघितली होती. विज्ञान-तंत्रज्ञानातल्या नोकऱ्यांची, स्त्री-पुरुष दोघांसाठी सारखीच. त्यांचा निबंध २०१९ मध्ये छापून आला. जाहिरात पुरुषांना जास्त दिसली. कुणी मुद्दाम भेदभाव केला नव्हता. तरुण बायकांची नजर बाजारात महाग आहे, एवढंच कारण. घरसामान, कपडे, सौंदर्यप्रसाधनं विकणारे सगळे तिच्यावर बोली लावतात, आणि ज्याला स्वस्तात काम भागवायचं त्याच्या वाट्याला पुरुष येतात.

आमचंही तेच झालं. पहिल्या आठवड्यात आम्ही स्त्री-पुरुष दोघांनाही जाहिरात दाखवायचं ठरवलं होतं, पुरुषांनाही कळू दे म्हणून. फोन वाजायला लागला तो पुरुषांचा. शिव्या, फिदीफिदी हसणं, ‘पुरुषांसाठी केंद्र कुठंय?’ एक जण रोज रात्री अकरा वाजता. दुसऱ्या आठवड्यापासून ‘फक्त स्त्रिया’ असं केलं. खर्च वाढला, पुरुषांचे फोन कमी झाले, पण थांबले नाहीत. कारण फोनवर नाव बायकोचं असलं तरी बघणारा दुसराच असतो. एकूण साठेक फोन आले, त्यातले निम्म्याहून जास्त पुरुषांचे.

आणि बायकांचे फोन यायचे कधी? रात्री दहानंतर, पहाटे, दुपारी तीनच्या सुमारास. आपलं केंद्र अकरा ते पाच, त्यात दुपारी जेवणाची सुट्टी. कार्यकर्त्या दोन, त्यातली एक आठवड्यातून तीन दिवस कोर्टात. सकाळी येऊन बघावं तर चुकलेल्या फोनांची रांग. त्यांना उलट फोन करता येत नाही. हा आपला जुना नियम आहे आणि तो अनुभवातून आलेला आहे. आपण फोन केला आणि तो सासूनं उचलला तर? म्हणजे मी पैसे देऊन घंटा वाजवली आणि दार बंद ठेवलं. ज्या बाईनं दहा दिवस धीर गोळा करून एकदा नंबर फिरवला, तिला पलीकडून कुणी ‘हॅलो’ म्हटलं नाही. ती पुन्हा फिरवेल असं मला वाटत नाही. जाहिरातीच्या रकमेत हा खर्च मी धरलाच नव्हता.

तरी नऊ जणी केंद्रात आल्या. मी बैठकीत अभिमानानं सांगितलं, सहा हजारांत नऊ, म्हणजे दर बाईमागे सहाशे सहासष्ट रुपये. आपल्या ज्येष्ठ ताई एरवी शांत असतात. त्या म्हणाल्या, ‘आणि त्या दहावीचा मार कुठल्या रकान्यात लिहिणार आहेस?’

त्या दहावीबद्दल लिहायला मन धजत नाही, पण लिहायलाच हवं. तिनं आपल्याला कधी फोन केला नव्हता. जाहिरात दिसली, तिनं बोट लावून उघडली, वाचली, बंद केली. तेवढंच. पण जाहिरात देताना एक पर्याय विचारतात, ज्यांनी एकदा बघितली त्यांना पुन्हा पुन्हा दाखवायची का? स्वस्त पडतं आणि ‘परिणाम’ वाढतो. मी हो म्हटलं होतं. मग तिच्या फोनवर ती जाहिरात येतच राहिली. सकाळ, संध्याकाळ. नवऱ्यानं क्रिकेटचा स्कोअर बघायला फोन घेतला तेव्हाही. त्याला जे समजायचं ते तो समजला. त्यानं केंद्रात फोन करून विचारलं, ‘माझ्या बायकोनं तुम्हाला काय काय सांगितलंय?’ आम्ही कुणाबद्दलच काही सांगत नाही, तसंच त्यालाही सांगितलं. खरं तर आम्हाला तिचं नावही ठाऊक नव्हतं. पण आमच्या नकारातून त्यानं होकारच काढला असणार.

पंधरा दिवसांनी ती बहिणीबरोबर आली. त्या पंधरा दिवसांत घरात काय झालं ते इथे लिहीत नाही. फोन काढून घेतला हे त्यातलं सगळ्यात किरकोळ. ती रागावलेली नव्हती, हेच मला सहन झालं नाही. नुसतं म्हणाली, ‘ताई, मी एकदाच बघितली होती. मग ती आपली आपणच यायला लागली.’

जोतीराव-सावित्रीबाईंच्या त्या कागदातली गोष्ट मला त्या दिवशी कळली. भिंत वाचणारीला लक्षात ठेवत नाही. बाई जाता जाता थांबली, वाचलं, पदर सावरून पुढे गेली. तिनं वाचलं हे भिंतीला ठाऊक नाही, आणि भिंत तिच्या मागोमाग घरी येत नाही. पैसे देऊन घेतलेल्या फोनवरच्या जाहिरातीचा सगळा धंदाच त्याच्या उलट आहे. कुणी बघितलं, किती वेळ बघितलं, हे लक्षात ठेवायचं आणि पिच्छा पुरवायचा. चादर विकणाऱ्याचं त्यात काही बिघडत नाही. आपलं बिघडतं, कारण आपलं गिऱ्हाईक ज्याच्यापासून लपून येतं तोच तिच्या शेजारी बसलेला असतो.

हे सगळं झाल्यावर बैठकीतल्या बहुतेकींचं मत पडलं की फोनचं खूळ कायमचं बंद. मी मात्र तेवढ्यावर गप्प बसू शकले नाही, आणि भांडण पुढे वाढलं ते म्हणून.

त्या नऊ जणींत तिघी अशा होत्या, ज्या आपल्या बोळात जन्मात आल्या नसत्या. शिकलेल्या, दोघी कमावत्या, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या. एकीनं सांगितलं, ‘मला वाटायचं असली केंद्रं विडीवाल्या बायकांसाठी असतात.’ हसू आलं आणि वाईटही वाटलं. तसं वाटायला आपणच कारण आहोत. आपली शिबिरं वस्तीत, आपली पोस्टर प्रदर्शनं वस्तीत. जणू मार खाणं हे झोपडपट्टीचंच काम. शिकलेल्या बाईची शरम वेगळी असते. तिला शेजारीण सांगत नाही, आशाताई तिच्या दारात जात नाही, बचत गट तिचा नाही. तिला फोनवर सापडलं. हे सहा हजारांच्या जमेच्या बाजूला मांडलंच पाहिजे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पुरुषांच्या तीसेक फोनांपैकी तीन-चार फोन शिवराळ नव्हते. एका भावाचा होता. बहीण चौथ्यांदा माहेरी आलीय, आईवडील म्हणतात परत पाठव, काय करू? एका वडिलांचा होता, पंढरपूरकडून. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘पोरीला ठेवून घेतलं तर आमच्यावर केस होईल का?’ म्हाताऱ्या माणसाला कायदा माहीत नव्हता, पण ठेवून घ्यायची इच्छा होती. त्या फोनवर आम्ही पाऊण तास बोललो.

आरोग्य पाहणीचा तोच तक्ता मी पुन्हा काढला. ज्या थोड्या बायका मदत मागतात त्या सगळ्यात आधी कुणाकडे जातात? पोलीस नाही, वकील नाही, आपण तर नाहीच. माहेरच्या माणसांकडे. आणि माहेरी तिला बहुतेकदा काय ऐकायला मिळतं ते तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. म्हणजे आपण आजवर ज्या पुरुषांच्या नजरेला ‘वाया गेलेले पैसे’ म्हणत होतो, त्यांच्यातच तिचा भाऊ आहे, बाप आहे, चुलता आहे. त्यांच्या हातात फोन आहे, तो त्यांचा स्वतःचा आहे, त्यांच्या खांद्यावरून कुणी डोकावत नाही, आणि बाजारात त्यांची नजर स्वस्त आहे. जाहिरात द्यायचीच तर ती यांना द्यावी. बहीण परत आली तर काय करायचं, तिला ठेवून घेणं गुन्हा नाही, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तिला कोणते हक्क आहेत, संरक्षण अधिकारी कुठे भेटतो. ती पुन्हा पुन्हा दिसली तरी कुणाच्या अंगावर वळ उठणार नाहीत. नवरा म्हणून बघणाऱ्यालाही ती दिसेल, पण ती त्याच्या बायकोनं उघडलेली नसेल.

बैठकीत हे मी मांडलं तेव्हा लगेच सगळ्यांना पटलं असं नाही. ‘आधीच तुटपुंजे पैसे, ते पुरुषांना सुधारण्यावर घालायचे?’ हा प्रश्न आला, आणि तो चुकीचा नाही. आपल्या चळवळीत हा वाद जुना आहे. मला एवढंच म्हणायचं होतं, की हे पैसे पुरुषांवर नाही, माहेरच्या दारावर घालायचे आहेत. मतदान झालं नाही, आपल्यात ते होत नाही. तीन तासांनी चहा झाला आणि पाच हजारांवर तडजोड झाली.

चहा पिताना कुणीतरी म्हणालं, आपण पाच हजारांसाठी तीन तास घालवतो, आणि सरकार? त्या कायद्याचं ११ वं कलम काढून वाचा. कायद्याला व्यापक प्रसिद्धी देणं, टीव्हीवर, रेडिओवर, छापील माध्यमांत, ठरावीक काळानं, हे केंद्र आणि राज्य सरकारचं कर्तव्य आहे असं त्यात लिहिलंय. उपकार नाही, कर्तव्य. हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. केंद्रात येणाऱ्या किती जणींनी तो रेडिओवर ऐकलेला असतो? मी विचारत असते. हाताची बोटं पुरतात. जाहिरातीला पैसे नाहीत म्हणावं तर तेही नाही. ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजनेचा हिशेब संसदेच्या महिला सबलीकरण समितीनं २०२१ च्या डिसेंबरमध्ये मांडला. नंदुरबारच्या तेव्हाच्या खासदार हीना गावित त्या समितीच्या अध्यक्ष होत्या. २०१६ ते २०१९ या काळात दिलेल्या ४४६.७२ कोटींपैकी ७८.९१ टक्के रक्कम प्रसिद्धीवर गेली होती. मुलींच्या शिक्षणाला, आरोग्याला उरलं ते उरलं. समितीनं त्यावर ताशेरे ओढले. मी सहा हजारांत छोट्या प्रमाणावर तेच केलं होतं, म्हणून मला हसायचा हक्क नाही. घंटा वाजवायला पैसे, दार उघडायला नाहीत.

१९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांबरोबर स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तेव्हा समाजकार्यकर्त्या थेट पोलिसांच्या इमारतीत जाऊन बसल्या. बाई तक्रारीला जिथे येणारच आहे तिथेच टेबल मांडायचं. आमच्या शिक्षणात त्या कक्षाचा बराच बोलबाला होता. आता उमगतं, की बसायची जागा नीट निवडली की निम्मी जाहिरात होऊन जाते.

म्हणून उरलेल्या चौदा हजारांचं असं ठरलं. पाच हजार माहेरच्या जाहिरातीला, एकदम नाही, थोडे थोडे. सात हजार संध्याकाळी सात ते रात्री साडेदहा फोन उचलणाऱ्या मैत्रिणीच्या मानधनाला. फार दिवस पुरणार नाहीत, पण सुरुवात होईल. आणि दोन हजार कागदाला. कागद म्हणजे भिंतीवर लावायचे, खाली नंबरच्या चिठ्ठ्या कापून ठेवलेले. एक फाडून घ्यायची की झालं. हे ज्येष्ठ ताईंचं डोकं. लावायचे कुठे? पूर्व भागातल्या विडी कारखान्यांच्या ब्रँचमध्ये. सोलापूरच्या हजारो बायका घरी विड्या वळतात आणि माल द्यायला ब्रँचमध्ये जातात. तिथे रांग असते, विड्या तपासणारा अर्ध्या छाटून बाजूला टाकत असतो, बायका तासभर ताटकळत बसतात. तिथे सासू नसते, नवरा नसतो. एका ब्रँचच्या मॅनेजरनं कागद बघून नकार दिला. ‘पोलीस’ हा शब्द काढा, मग बघू. दुसऱ्यानं न वाचताच लावू दिला.

मजकूर मी लिहून नेला होता. ‘कौटुंबिक हिंसाचाराने पीडित महिलांसाठी मोफत सल्ला.’ तेलुगूत करून द्यायला एका अक्कांकडे गेले. तीस वर्षं विड्या वळताहेत. मांडीवर सूप, बोटं थांबत नाहीत. मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘पीडित म्हणजे काय?’ मी सांगितलं. मग म्हणाल्या, ‘ही चिठ्ठी मी सगळ्यांसमोर फाडली, तर संध्याकाळपर्यंत गल्लीत होईल की माझा नवरा मारतो. कोण फाडेल?’

आजूबाजूच्या चार-पाच जणी सरकून जवळ आल्या. मग त्यांनीच मजकूर बसवला. वर मोठ्या अक्षरात, रेशनकार्ड, पीएफ, बँकेचं पासबुक, घराचे कागद, काही अडलंय का? त्याखाली फोन नंबर आणि वेळ. सगळ्यात खाली बारीक अक्षरात, घरचं काही असलं तरी चालेल. एक तरुण पोरगी म्हणाली, ‘वेळ नीट लिहा, आणि त्या वेळेला उचला.’

तेलुगू, कन्नड आणि मराठी कागद लावून झालेत. पहिल्या आठवड्यात एका ब्रँचमधल्या अकरा चिठ्ठ्या गेल्या. फोन आले चार, तीन पीएफचे. पीएफचं आपल्याला फारसं कळत नाही, ते शिकावं लागेल. उर्दूचा मजकूर अजून व्हायचा आहे. कुणा मैत्रिणीला सुवाच्य उर्दू लिहिता येत असेल तर पुढच्या बैठकीच्या आधी कळवा. आणि माहेरच्या जाहिरातीत काय लिहावं, हेही. तुमच्यापैकी कुणाच्या भावानं, वडिलांनी तुम्हाला ठेवून घेतलं असेल, तर त्यांना तेव्हा काय ऐकून धीर आला ते त्यांनाच विचारून लिहून पाठवा. तेच शब्द घेऊ.